जेवणाबरोबर चहा

"तुम्ही त्यांना पिताना स्वतः पाहिलंय का?" असं डॉक्टरबाईंनी विचारलं आणि मी लगेच "हो" म्हणून मोकळा झालो. बत्तीस वर्षं ते उत्तर माझ्या ओठांवर तयार बसलेलं होतं. वडील कशाने गेले, लिव्हरने, प्यायचे. लग्न ठरताना हेच सांगितलं, विम्याच्या फॉर्मवर हेच लिहिलं, कोणी फार खोलात जाऊ नये म्हणून आवाजात थोडी लाज ठेवून सांगायचीही सवय झाली होती. डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. टेबलावर माझा रिपोर्ट होता. शरीरात साठलेल्या लोहाचा आकडा तीनशेच्या आत असायला हवा, माझा अडीच हजारांच्या वर होता. त्या समजावून सांगत होत्या की काही माणसांच्या शरीराला पुरे म्हणणं जन्मतःच जमत नाही. अन्नातून आलेलं लोह ते साठवत राहतं, आधी लिव्हरमध्ये, मग सांध्यांत, कातडीखाली, हृदयातसुद्धा. वीस-तीस वर्षं काही कळत नाही. आणि हे बहुतेक घराण्यातून येतं. "हो म्हणजे," मी म्हणालो, "वास यायचा." "कशाचा?" "स्पिरिटचा." त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते काम काय करायचे?" "फर्निचरला पॉलिश करायचे," मी म्हणालो आणि गप्प झालो. मी चष्म्याचे नंबर काढतो. तपासणीच्या फ्रेममध्ये बरोबर भिंग पडलं की समोरचा माणूस एकदम बोलत नाही, नुसता तक्त्याकडे बघत राहतो, हे मला माहीत आहे. डॉक्टरबाईंनाही बहुधा माहीत असावं, कारण त्यांनी घाई केली नाही. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला पथ्याचा छापील कागद दिला.

बाहेर येऊन मी स्टॉपवरच्या बाकावर बसलो आणि माझ्या दोन बस सोडल्या. उठायचं मनात होतं, पण पायांना ते कळवायला वेळ लागत होता. हा थकवा आजचा नाही. गेली सात-आठ वर्षं तो माझ्याबरोबर राहतो आहे, घरातल्या माणसासारखा. बायको म्हणते, तुम्ही झोपून उठता तेही दमूनच. दुकानात अंधाऱ्या खोलीत उभं राहून दिवसभर विचारायचं, हे स्पष्ट की हे, आता हे बघा, हे की आधीचं, आणि चार वाजेपर्यंत मलाच दोन्ही सारखंच दिसायला लागायचं. त्यातून उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, मुळाशी धरलेली. चष्म्याचा बारीक स्क्रू फिरवताना जीव मेटाकुटीला यायचा. वय झालं म्हटलं, थंडी म्हटलं, खुर्ची वाईट म्हटलं. रंगाबद्दल तर लोक कौतुकच करायचे. दुकानातली नेहमीची गिऱ्हाइकं विचारायची, काय, सुट्टीवर जाऊन आलात वाटतं, मस्त उन्हात रापलात. मी हसायचो. मी दिवसभर अंधाऱ्या खोलीत असतो हे त्यांना दिसत होतं, पण माणसाला जे सोयीचं तेच दिसतं. हे मी धंद्यात शिकलो आणि घरी कधी वापरलं नाही.

कारण बाबांचाही रंग असाच होता. हातांचा, मानेचा, कानांमागचासुद्धा. आम्ही त्याला पॉलिशचा रंग म्हणायचो. त्यांची काम करायची खोली घरामागे होती, एक खिडकी, एक स्टूल, भिंतीला टेकवलेली कपाटांची दारं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, जुन्या मऊ कापडात कापूस गुंडाळून त्याचा बोळा करायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं, शंभर वेळा, दोनशे वेळा, लाकडात आपला चेहरा दिसेपर्यंत. त्यांच्या शर्टाला, केसांना, उशीला, ते ज्या खुर्चीवर बसायचे तिला, स्पिरिटचा वास असायचा. लहानपणी मला तो आवडायचा. पुढे कळायला लागल्यावर त्याची लाज वाटायला लागली, कारण तोच वास कोपऱ्यावरच्या गुत्त्यातून बाहेर येणाऱ्या माणसांनाही यायचा. तसे ते नाकासमोर चालणारे. कामावरून घरी, घरातून कामावर. बोलणं मोजकं. त्यांची एकच गोष्ट घरात सगळ्यांच्या चेष्टेची होती, ती म्हणजे त्यांना जेवताना चहा लागायचा. जेवणानंतर नाही, जेवताना, ताटाशेजारी. आई द्यायची नाही. "जेवताना कोणी चहा पितं का? अन्नाचा सगळा कस जातो. रक्ताचं पाणी होईल," असं म्हणून ती कप उचलून न्यायची आणि ते काही न बोलता पाणी प्यायचे. एखाद्या दिवशी हळूच म्हणायचे, "अगं, त्याने बरं वाटतं." "लहान पोरासारखे हट्ट करू नका," आई म्हणायची. आम्ही हसायचो. मीही हसायचो.

मग ते दमायला लागले. बोळा फिरवता फिरवता मध्येच थांबायचे. आई म्हणाली रक्त कमी झालंय. तिच्या हिशेबी जगात दोनच आजार होते, एक रक्त कमी होण्याचा आणि दुसरा नाटक करण्याचा. तिने बाबांचं खाणं हातात घेतलं. एरवी मिठापासून लाडापर्यंत प्रत्येक बाबतीत अति तिथे माती म्हणणारी बाई, पण ताकदीच्या बाबतीत तिला अति माहीतच नव्हतं. रोज पालेभाजी, ती लोखंडी कढईतच शिजवायची, आठवड्यातून दोनदा काळीज आणायची आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ती काळपट लाल टॉनिकची बाटली. ती त्याला रक्ताचं औषध म्हणायची. सकाळी एक मोठा चमचा, रात्री एक. हे चौदा महिने चाललं. आणि मग त्यांचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या अंगाचा वास घेतल्यासारखं नाक वर केलं आणि विचारलं, "किती पिता?" बाबा म्हणाले, "नाही पीत." डॉक्टरांनी त्यांच्या डोक्यावरून आमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे आणि आईकडे, बघून जरासं हसून घेतलं. ते हसू मला अजून दिसतं. त्यापेक्षा जास्त दिसतं ते हे की आम्हीही परत हसलो. शहाणी माणसं एकमेकांकडे बघून हसतात तसं. बाबा खाली चादरीकडे बघत होते, पण त्यांना ते कळलं असणार. धूर दिसतो म्हणजे आग असणारच असं आम्ही धरून चाललो होतो.

आणि आगीचा साक्षीदार मी होतो. बावीस वर्षांचा, चष्म्याच्या दुकानात नुकता लागलेला, नजर अगदी स्वच्छ. हॉस्पिटलच्या काही महिने आधी एका संध्याकाळी त्यांना जेवायला बोलवायला मागच्या खोलीशी गेलो. ते स्टुलावर बसलेले होते, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले, मांडीवर स्पिरिटची बाटली आणि तिच्या तोंडावर उजवा हात. मी दारातच थांबलो. आत गेलो नाही. घरात येऊन आईला म्हणालो, "प्यायला बसलेत." बस, एवढंच. त्यानंतर आई त्यांच्याशी टॉनिकपुरतं बोलायची. आज बाकावर बसून मी माझी दोन बोटं चोळत होतो आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं की त्या बाटलीचं बूच घट्ट होतं. त्यांना ते फिरवता येत नव्हतं. बोटं मुळाशी धरलेली असली की बूच फिरवायच्या आधी माणूस जरा डोळे मिटून बसतो. मी बसतो. गेलं वर्षभर रोज बसतो. तिसरी बस आली तेव्हा मी उठलो, कारण ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला होता.

बायकोला मी रात्रीपर्यंत काही सांगितलं नाही, नुसता कागद दिला. ती पोस्टात पत्रांच्या वर्गवारीचं काम करते, पत्ते वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. तिने माझं भिंग घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांच्या, पाकिटांच्या पाठी वाचून काढल्या. सकाळच्या नाश्त्याच्या लाह्यांत वरून घातलेलं लोह, गेलं. पिठात मिसळलेलं लोह, गेलं. माझ्या थकव्यासाठी तिनेच आणलेल्या गोळ्या, ज्यांत सगळी जीवनसत्त्वं होती आणि लोहही, त्या तिने हातात घेऊन बराच वेळ पाहिल्या. "या मी आणल्या," ती म्हणाली. "सहा महिने घेतल्यात तुम्ही." मी म्हटलं, तुला कुठे ठाऊक होतं. ती म्हणाली, "ठाऊक नव्हतं हे खरं. पण घेतल्यात हेही खरं." आणि गोळ्या कचऱ्यात टाकल्या. काळीज बंद, तांबडं मांस जवळजवळ बंद, कच्चे शिंपले चुकूनही नाहीत, 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद, लोखंडी कढई माळ्यावर, दारूचा थेंबही नको. पहिल्या तपासणीच्या वेळी दुसऱ्या एका डॉक्टरने मला विचारलं होतं, घेता का थोडी, आणि तिच्याकडे बघून तसंच हसला होता. तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली होती. "ते पीत नाहीत. तीस वर्षं मी शेजारी झोपते, मला विचारा. आणि हसू नका." तो बिचारा ओशाळला. मलाही अवघडल्यासारखं झालं होतं, कशाला एवढा तमाशा, असं. आता वाटतं की बाबांसाठी एवढा तमाशा करणारं एकजण जरी असतं तरी ते तसेच गेले असते, पण मान खाली घालून गेले नसते.

प्रश्न आईचा होता. ती एकोणऐंशी वर्षांची आहे, आमच्याजवळच राहते, कानाने तल्लख, डोळ्यांना मीच चष्मा केलेला. तिला आम्ही एवढंच सांगितलं होतं की लिव्हरला जरा सूज आहे. त्यावर ती माझ्याकडे असं बघायला लागली होती की मला तिच्या पुढ्यात पाणी प्यायचीही चोरी झाली. तिला बाबांविषयी खरं सांगायला हवं होतं, हे उघड आहे. बत्तीस वर्षं एक बाई नवऱ्याची लाज बाळगते आणि तिला कोणी सांगत नाही की लाजेसारखं काही नव्हतंच, हा कुठला न्याय. पण त्या खऱ्याच्या पोटात दुसरं खरं होतं. बाबांचा विषय निघाला की ती एकच वाक्य बोलते. "ते आपल्या हाताने गेले. पण मी माझ्याकडून काही कमी केलं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत औषध चुकवलं नाही." त्या वाक्यावर ती आजवर उभी आहे. बाबा निर्दोष, हे सांगायचं म्हणजे ते वाक्य तिच्या पायाखालून काढून घ्यायचं. डॉक्टरबाईंना मी पुढच्या खेपेला विचारलं होतं, आडून, म्हणजे समजा एखाद्या अशा रोग्याला कोणी वर्षभर टॉनिक दिलं तर. त्या म्हणाल्या, "भरच पडली असती. पण तेवढ्यानेच गेले असं कोणी म्हणू शकणार नाही." हे उत्तर मी खिशात घालून हिंडत होतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाकडे? बायकोकडे बोललो तर ती म्हणाली, "सांगा किंवा सांगू नका. पण असे दाराशी उभे राहू नका." तिला स्टुलाची गोष्ट माहीत नव्हती, तरी तिने नेमकं तेच म्हटलं.

दर पंधरा दिवसांनी माझं रक्त काढायला लागले. पथ्याने फक्त नवी भर कमी होते, साठलेलं बाहेर काढायचं तर रक्तच काढावं लागतं, हे मला डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एक जाडसर नर्स आहे, मी मनात तिला रक्तवाली म्हणतो. ती दंडाला पट्टा बांधते आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारते आणि पिशवी भरत जाते. पिशवी हाताला गरम लागते. आपलंच रक्त एवढं गरम असतं याचं मला दर वेळी नवल वाटतं. त्या दिवशी मी रजा घेतो, घरी येऊन पडतो. चौथ्या खेपेला आईने दंडावरची पट्टी पाहिली. "काय तपासलं एवढं?" मी दमलेला होतो, खोटं बोलायलाही ताकद लागते. म्हटलं, "तपासलं नाही. काढलं. बाटलीभर काढतात." ती माझ्याकडे बघतच राहिली. "माणसाला रक्त देतात रे. काढतात कसले?" मी डोळे मिटून घेतले. दार वाजल्याचं ऐकू आलं, पण ती गच्चीवर वगैरे जात असेल असं समजून मी पडून राहिलो.

तासाभराने बायकोने ताट वाढलं म्हणून उठलो. ती कामावर निघायच्या गडबडीत होती, ती गेली. आई समोर येऊन बसली. तिच्या एका हातात मोठा चमचा होता आणि दुसऱ्या हातात काळपट लाल बाटली, अजून दुकानाच्या कागदात अर्धी. एकटी कोपऱ्यापर्यंत चालत गेली होती, गुडघ्यांचं सोंग बाजूला ठेवून. तिने बूच फिरवून काढलं, चमचा काठोकाठ भरला, हात जराही हलला नाही. "तोंड उघड." त्या वासाने माझं बत्तीस वर्षांपूर्वीचं घर नाकात आलं. "आई, नको." "नको म्हणतोस, रंग बघ आरशात. बापासारखा काळवंडलास. तोंड उघड." मी म्हटलं, "आई, मला लोह कमी नाही. जास्त आहे. इतकं जास्त की लिव्हर त्यानेच खराब झालंय. म्हणून रक्त काढतात." चमचा तसाच हवेत. "खाऊन खाऊन झालं?" "नाही. जन्मापासूनच असतं. रक्तातून येतं." "माझ्याकडे तर असलं काही नाही," ती म्हणाली. "माझं तर रक्त कमी." आता मी दाराशी उभा होतो आणि आत जायचं होतं. "तुझ्याकडूनही थोडं आलं असणार. पण रोग होता तो बाबांना," मी म्हणालो.

आईला लिहिता-वाचता फार येत नाही, पण तिला कधी काही दोनदा सांगावं लागलेलं नाही. तिने चमचा ताटाच्या कडेला टेकवला. टॉनिक थोडं सांडलं, ती त्या डागाकडे बघत होती. "म्हणजे प्यायचे नाहीत?" "नाही." "कधीच?" "कधीच नाही. वास पॉलिशचा होता." "तू पाहिलं म्हणालास." "मी लांबून पाहिलं. दारातून. त्यांचा हात बाटलीवर होता, एवढंच पाहिलं. त्यांची बोटं दुखत असणार. माझी दुखतात तशी. आत गेलो असतो तर कळलं असतं." हे सगळं मी एका दमात बोललो. मला वाटलं ती मला काहीतरी बोलेल, बोलायला हवं होतं, निदान एक शिवी. ती म्हणाली, "आणि हे औषध?" मी तयारच होतो. "त्याने काही झालं नाही," मी म्हणालो. "डॉक्टरबाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, काही संबंध नाही." आई बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचा चष्मा मी केलेला आहे, नंबर अगदी बरोबर आहे. मग ती उठली, मोरीशी गेली आणि बाटली उपडी केली. सगळं जाईपर्यंत धरून उभी राहिली, मग चमचा धुतला, घासला, पुन्हा धुतला. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "नको म्हणायचे रे ते. रोज नको म्हणायचे. मी नाक दाबून पाजायचे." मला उठून तिच्याजवळ जावंसं वाटलं. गेलो. शेजारी उभा राहिलो, काय करायचं ते कळेना म्हणून नळ बंद केला.

"तुला काय काय चालतं, त्याचा कागद दिलाय म्हणे," ती म्हणाली. "वाच. मोठ्याने वाच, मला सगळं ऐकायचंय." मी कागद आणला आणि ताटापाशी बसून वाचायला लागलो. काय नको, ते आधी होतं. ती प्रत्येकावर मान हलवत होती, काळीज, पालेभाजी कमी, लोखंडी भांडं, गोळ्या, टॉनिक. टॉनिकशी मी थोडा घाईने पुढे सरकलो, तिने ते ओळखलं. मग काय चालेल, ते होतं. दूध, अंडं, भात, बटाटा. "जेवणाबरोबर चहा घ्यावा," मी वाचलं, आणि थांबलो. हा कागद माझ्याकडे दोन महिने होता. बायकोने वाचला होता, मी दहादा वाचला होता, दुपारी दुकानात डब्याबरोबर चहा घेतही होतो. आणि तरी मला आत्ता, तिच्यासमोर मोठ्याने वाचताना, पहिल्यांदा ऐकू आलं. "काय म्हणालास?" आईने विचारलं. "जेवणाबरोबर चहा घ्यावा. त्याने अन्नातलं लोह अंगी कमी लागतं." खिडकीतून समोरच्या इमारतीत कोणीतरी गादी झटकत होतं, तो आवाज येत होता.

मग ती उठली. शेगडीवर आधण ठेवलं, चहाची पूड टाकली, कपाटातून दोन कप काढले, एक माझ्या ताटाशेजारी ठेवला, आणि दुसरा टेबलाच्या रिकाम्या बाजूला, जिथे कोणी बसलेलं नव्हतं. ती आणि मी दोघेही त्या कपाकडे बघत होतो. तिने साखरेचा डबा उघडला, चमचा आत घातला आणि तशीच थांबली.

"साखर किती घ्यायचे रे ते?"

मला आठवत नव्हतं.